आगळाच्या रंगाची लघवी: एका गाईच्या चार स्लाइड्स आणि शेजारणीची एक

जुलैचा शेवटचा आठवडा. कुडाळपासून आत, दोन ओहोळ ओलांडले की लागणारी वाडी. सकाळी साडेआठला फोन आला, “डॉक्टरांनू, गाय लाल मुतता. काल सांजपासून. गवताक तोंड लावणा नाय.”

गाय जर्सी संकरित, तिसऱ्या विताची, व्यायल्याला सहा आठवडे झालेले. व्यायच्या महिनाभर आधी गडहिंग्लजकडून आंबोली घाट उतरवून आणलेली. नऊ लिटरवर असलेलं दूध दोन दिवसांत दोन लिटरवर आलं होतं. मी पोचेपर्यंत गोठ्यात दोन निदानं होऊन गेली होती. शेजारचे आजोबा म्हणाले, “तिवो आसात, तीन दिवसांनी उठात.” घरच्या काकींचं मत वेगळं होतं, “घाटावयली गाय, तिका हयलो पावस मानवणा नाय.” तिव्यात, म्हणजे तीन दिवसांच्या तापात, जनावर लंगडतं, थरथरतं, पण लघवीचा रंग बदलत नाही, म्हणून आजोबांचं निदान मी बाजूला ठेवलं. काकींचं निदान ऐकून तेव्हा हसलो होतो. ते बरंचसं खरं होतं हे पुढे येईलच.

ताप १०५.८ अंश फॅरनहाइट. डोळ्याची आतली त्वचा पांढरट, तिच्यावर पिवळी झाक. साहलीच्या हिमोग्लोबिनमापकावर ५.४ ग्रॅम, म्हणजे निरोगी गाईच्या खालच्या हद्दीपेक्षाही बरंच कमी. खांद्यापुढची लसीकाग्रंथी चाचपली, दोन्ही बाजूंना नेहमीएवढीच. ही नोंद मी केली खरी, पण त्या संध्याकाळी तिच्याकडे हवं तेवढं लक्ष दिलं नाही.

लघवी काचेच्या बाटलीत धरली. हातमोजे घालून, कारण कोकणात पावसाळ्यात लाल लघवी म्हटली की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, मनात ठेवावाच लागतो आणि तो माणसालाही होतो. रंग हुबेहूब कोकमाच्या आगळाचा, वर फेस. बाटली दावणीच्या कठड्यावर अर्धा तास तशीच ठेवली. तळाशी काही बसलं नाही, वरपासून खालपर्यंत एकसारखी लाल राहिली. म्हणजे लघवीत रक्ताच्या पेशी उतरत नव्हत्या. पेशी रक्तातच फुटत होत्या आणि त्यांचं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गळत होतं. गावात सेंट्रिफ्यूज कुठून आणणार? अर्ध्या तासात तेवढं काम बाटली करते. व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडून होणाऱ्या लाल लघवीत असा ताप नसतो, त्यामुळे ते कारण मागे पडलं.

शेपटीखाली आणि कासेच्या मागे गोचीड. चार-पाच काढून तळहातावर घेतले. बहुतेक लहान तोंडाचे, फिक्या पायांचे, आपल्याकडच्या गोठ्यात कायम दिसणारे मायक्रोप्लस. लांब तोंडाचा, पायांवर पट्टे असलेला हायलोमा एकही नव्हता. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि फार कामाचा आहे. हायलोमा थायलेरिया अॅन्युलाटा हा रक्तातला जंतू पसरवतो आणि त्याला देशावरचं कोरडं हवामान मानवतं. मायक्रोप्लस तांबड्या पेशी फोडणारा बबेसिया पसरवतो. मादी गोचीड हा जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीला देते, त्यामुळे गवतावरून नुकतंच चढलेलं, कोणत्याही आजारी गाईला कधी न चावलेलं पिल्लूसुद्धा तो घेऊन आलेलं असू शकतं. लाल लघवीचा ताप गोचिडामुळे पसरतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिलं. रक्तातला रोगजंतू किड्यामार्फत एका जनावरातून दुसऱ्यात जातो हे सिद्ध झालेलं ते पहिलंच उदाहरण, आणि ते गाईचं. डासाची आणि माणसाच्या हिवतापाची गोष्ट त्यानंतरची.

कानाच्या कडेच्या शिरेतून थेंब घेतला आणि गोठ्यातच स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, ओढला. बाहेर सरी धो-धो कोसळत होत्या. ओल्या थेंबावर कव्हरस्लिप ठेवून एक ओली स्लाइडही केली, कारण पावसात घोडामाश्या उठतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा येतो. सर्र्याचा ट्रिपॅनोसोमा ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला. ताज्या रक्तात तो असा वळवळतो की आजूबाजूच्या पेशी धक्के खात हलतात, रंग द्यायची गरजच पडत नाही. काकींच्या ओटीवरच सूक्ष्मदर्शक उघडून पाहिलं. पेशी स्वस्थ होत्या. तापाचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, रक्त तपासून संध्याकाळी सांगतो म्हणालो आणि निघालो.

पहिल्या स्लाइडबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती बिघडली होती आणि का बिघडली ते कोकणात काम करणाऱ्याला कळायला हवं.

स्मिअर हवेत फडफडवून सुकवला, पण त्या हवेत सुकणार काय? काचेवरचा थर पाच-सात मिनिटं ओलाच होता. तशीच डबीत घालून, डबी बाइकच्या डिकीत टाकून दवाखान्यात आणली. मिथेनॉलची बाटली महिन्याभरापूर्वी फोडलेली, झाकण सैल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं हे पुस्तकात वाचलेलं असतं, जुलैत ते बाटलीत घडत असतं. स्लाइड रंगवायचा जीम्सा रंग दहापट पातळ करायला नळाचं पाणी वापरलं आणि आमच्या नळाला विहिरीचंच पाणी येतं. ती विहीर जांभ्यातली. जांभ्यातलं पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं आणि जीम्साला लागतो ७.२ सामू (pH). आम्ल पाण्यात निळा रंग मार खातो, सगळी स्लाइड गुलाबी पडते.

शंभराच्या भिंगाखाली तेल टाकून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक तांबड्या पेशीत एक चकाकणारं कडं. क्षणभर वाटलं, एवढे जंतू असताना ही गाय उभी कशी? बारीक स्क्रू पुढे-मागे फिरवला. कडी फोकसमधून गेली की आरशाच्या तुकड्यासारखी चमकायची, मग काळी पडायची. जंतू असं करत नाही. त्याला स्वतःचा रंग असतो, निळसर अंग आणि त्यात लाल-जांभळा ठिपका, आणि फोकस हलला की तो नुसता धूसर होतो. ही कडी म्हणजे पेशीत अडकलेला ओलावा होता. शिवाय इकडे-तिकडे जांभळट कण, पण पेशी स्पष्ट असताना ते पुसट आणि ते स्पष्ट झाले की पेशी पुसट. म्हणजे ते पेशीत नव्हते, पेशीवर बसले होते. जीम्साच्या पृष्ठभागावर धातूसारखी चमकती साय येते. स्लाइड तिरकी करून रंग ओतून दिला की ती साय खाली बसते. वरून पाणी सोडून ती वाहवून न्यायची असते. त्या दिवशी मी ओतून मोकळा झालो होतो.

या सगळ्या कचऱ्यात तीन-चार पेशींत खरंच काहीतरी होतं. बारीक, स्वल्पविरामासारखं, एका टोकाला गडद ठिपका. स्क्रू फिरवला तरी चमकलं नाही. थायलेरिया. एवढ्या खोट्या कड्यांमधून एक खरी गोष्ट शोधून काढली की माणूस तिच्या प्रेमात पडतो. मी पडलो. रजिस्टरात ‘थायलेरिया’ लिहिलं आणि काकींच्या मुलाला फोन करून सांगितलं, उद्या सकाळी कुडाळातून थायलेरियाचं औषध, बुपार्व्हाक्वोन, आणायला लागेल, महाग आहे, तयारी ठेव.

जेवताना लसीकाग्रंथी आठवली.

थायलेरिया अॅन्युलाटाच्या तापात ती ग्रंथी सुजलेली सापडते, लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. जंतू आधी तिथल्या पांढऱ्या पेशींत वाढतो आणि तांबड्या पेशींत नंतर उतरतो. या गाईच्या ग्रंथी तर साध्या होत्या. आणि आगळासारखी लघवी हे थायलेरियाचं नेहमीचं लक्षण नव्हेच. तळहातावरचे गोचीडही त्या बाजूने साक्ष देत नव्हते. स्लाइडवर सापडलेली गोष्ट खरी होती, पण गाईत दिसणाऱ्या एकाही लक्षणाशी ती जुळत नव्हती.

अशा वेळी बरेच जण ‘दोन्ही मारून टाका’ म्हणतात. एक सुई बबेसियाची, एक थायलेरियाची, जोडीला टेट्रासायक्लिन अॅनाप्लाझ्मासाठी, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या तिसऱ्या जंतूसाठी. गाय उठते, मालक खूश. मला ते पटत नाही. मालकाचे पैसे जातात ते आहेच, पण पुढच्या पावसात त्याच वाडीत दुसरी गाय आडवी पडली की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. रात्र काढण्यापुरता गाईत दम होता, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

साडेसहाला मुलाला फोन केला, “कुडाळाक जाव नको, मी येतंय.” जाताना नवी मिथेनॉलची बाटली घेतली, सामूची गोळी विरघळवलेलं पाणी घेतलं, गाळलेला जीम्सा घेतला. काकींच्या नातीकडे केस वाळवायचं यंत्र होतं, ते मागितलं. कानाच्या टोकाला सुई टोचून पहिला थेंब उचलला, पातळ स्मिअर ओढला आणि यंत्राची थंड हवा हातभरावरून सोडली. काकी बघत होत्या, “गायचे केस सुकवतास की काय डॉक्टरांनू?” दहा-बारा सेकंदांत काच कोरडी. तिथेच रुंद तोंडाच्या बाटलीत मिथेनॉलमध्ये पाच मिनिटं. रंग दवाखान्यात दिला, अर्धा तास.

शिवाय दोन गोष्टी केल्या. खांद्यापुढच्या ग्रंथीत बारीक सुई घालून थोडं ओढून घेतलं आणि त्याची स्लाइड केली. आणि शेजारच्या खुंट्याला बांधलेल्या गावठी गाईचंही रक्त घेतलं. ती बुटकी, तांबडी, कोकण कपिलेच्या वळणाची. अंगावर गोचीड तिच्याही, पण रवंथ करत निवांत बसलेली. तिला काहीच झालेलं नव्हतं, म्हणूनच ती हवी होती.

दुसऱ्या स्लाइडला वेळ लागला नाही. स्मिअरच्या शेपटीकडे, जिथे पेशी एकेकट्या पसरतात, तिथे पहिल्या काही क्षेत्रांतच जोडी दिसली. पेरूच्या बियांसारखी नव्हे, पेर या फळासारखी. दोन पेर देठाकडून चिकटवून ठेवावीत तशी, मधला कोन लघु. अंग निळसर, आत लाल-जांभळं केंद्रक. गाईची तांबडी पेशी साधारण साडेपाच-सहा मायक्रॉनची. त्यातला प्रत्येक पेर चार-पाच मायक्रॉन लांब, म्हणजे पेशीच्या त्रिज्येला सहज ओलांडणारा. मोजपट्टीचं भिंग नसलं तरी ही त्रिज्येची कसोटी सहसा फसवत नाही. त्रिज्येहून मोठा आणि लघुकोनात जोडी, तर बबेसिया बायजेमिना. त्याचा भाऊ बोव्हिस त्रिज्येहून लहान असतो आणि त्याच्या जोड्या जवळपास सरळ रेषेत पसरलेल्या दिसतात. जंतू असलेल्या पेशी मोजल्या, हजारात तीसेक बबेसियाच्या निघाल्या. आणि दोन थायलेरियाच्या, आदल्या दिवशीचेच स्वल्पविराम, एक-दीड मायक्रॉनचे.

मग पहिल्या स्लाइडवर बबेसिया का दिसला नाही? ती पुन्हा काढून पाहिली. होता. जाड भागात, आम्ल पाण्याने निळं अंग धुऊन निघालेला, केंद्रक नावापुरतं. जिथे मी दोन पेशी एकमेकींवर चढल्या आहेत असं समजून पुढे सरकलो होतो, तिथे काही जागी ही फिकट जोडी बसली होती. थायलेरियाचा ठिपका अंगाच्या मानाने गडद असतो, म्हणून त्या घाणेरड्या रंगातही तो टिकला. म्हणजे स्लाइडने मला थायलेरिया दाखवला तो जास्त होता म्हणून नव्हे. तेवढा एकच टिकला होता.

ग्रंथीच्या स्लाइडवर कॉखचे निळे गोळे शोधले, म्हणजे पांढऱ्या पेशीत थायलेरिया वाढताना दिसणारे, निळ्या गोळ्यात लाल ठिपके भरलेले. अर्धा तास शोधूनही एक नाही. आणि शेजारणीच्या, त्या निवांत तांबडीच्या रक्तात? तिथे थायलेरिया होता, अगदी तेवढाच, हजारात दोन-तीन. गाय ठणठणीत.

आमच्या भागातल्या पुष्कळ गाई थायलेरिया रक्तात बाळगूनच जगतात. लहानपणी लागण होते, ती निभते आणि थोडे जंतू अंगात राहून जातात. तो अॅन्युलाटा की ओरिएंटॅलिस ही दुसरी जात, हे नुसत्या स्वल्पविरामाच्या आकारावरून ठरवायच्या भानगडीत मी पडलो नाही, ते स्लाइडचं काम नाही. बबेसियाचंही असंच. इथल्या वासरांना तो लहानपणीच होऊन जातो आणि वासरं तो मोठ्या गाईपेक्षा सहज झेलतात. पण शेण-मूत स्वच्छ काढलेल्या, गोचीड जवळजवळ नसलेल्या बंदिस्त गोठ्यात वाढलेली गाय मोठेपणी इथे येते, वर विण्याचा ताण, वर पावसाळ्यात चढणारे मायक्रोप्लस, आणि तिच्या अंगाला या जंतूची ओळखच नसते. काकी म्हणाल्या होत्या तेच, घाटावरच्या गाईला इथला पाऊस मानवला नव्हता. पावसाबरोबर गोचीड मोजायचे, एवढीच दुरुस्ती.

दुपारी बबेसियाचं औषध, डायमिनाझिन, दिलं. छातीच्या घेराच्या मापाने वजन तीनशे किलोच्या आसपास आलं. किलोला ३.५ मिलिग्रॅम, म्हणजे १.०५ ग्रॅम, आणि एका पुडीत नेमकं तेवढंच असतं. पंधरा मिलि निर्जंतुक पाण्यात विरघळवून मांसात खोल, मानेच्या दोन बाजूंना विभागून. बाकी लोह, यकृताचं औषध, पाणी पाजणं, दूध काही दिवस बाजूला काढणं, हे नेहमीचं.

तिसरी स्लाइड दुसऱ्या दिवशी सकाळची. ताप १०२.४. लघवी अजून तपकिरी, पण पारदर्शक. बबेसिया शोधावा लागला. जे दोन-चार सापडले ते आक्रसलेले, अंग विरलेलं, पेर ओळखू येऊ नये असे. इथे एक सांगतो. डायमिनाझिन दिल्यानंतर काढलेल्या स्लाइडवर बबेसिया दिसला नाही म्हणून तो नव्हताच असं म्हणता येत नाही. एखाद्याने आधीच सुई मारली असेल तर आपण रिकाम्या मैदानावर चोर शोधत बसतो. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो, ‘आधी कोणी काही टोचलं का?’ आणि उत्तर नाही आलं तरी मान आणि पुठ्ठा चाचपून पाहतो.

थायलेरिया मात्र होता. तोच आकार, हजारात दोनच. डायमिनाझिन थायलेरियावर चालत नाही, त्यामुळे हा आयता प्रयोगच झाला होता. एक जंतू गेला, दुसरा जागेवर, आणि गाय गवत ओढत होती. आदल्या सकाळी बुपार्व्हाक्वोन दिलं असतं, तर निम्मं उत्तर या गोठ्यात कधीच मिळालं नसतं आणि बबेसियाला आणखी एक दिवस मिळाला असता.

चौथी स्लाइड पंधरा दिवसांनी. श्रावण लागला होता, ऊन-पाऊस चालू होता. हिमोग्लोबिन ७.९ वर. या स्लाइडवर जंतूपेक्षा पेशीच जास्त बोलत होत्या. मोठ्या, निळसर छटेच्या नव्या पेशी, काहींत बारीक निळे ठिपके पसरलेले, काहींत एकच गोल गडद ठिपका. हा एकटा गोल ठिपका पेशीच्या कडेला बसला की नवखा माणूस अॅनाप्लाझ्मा म्हणून मोकळा होतो. अॅनाप्लाझ्मा खरा तर आदिजीव नव्हेच, तो जिवाणूंच्या घरातला, पण गोचीड तापाच्या चर्चेत त्याला बाहेर ठेवता येत नाही. इथे ते जुन्या केंद्रकाचे उरलेले तुकडे होते, हॉवेल-जॉली. ते अॅनाप्लाझ्मापेक्षा बहुधा मोठे, कडेलाच बसण्याचा हट्ट नसलेले, आणि आजूबाजूला त्या निळसर तरण्या पेशींची गर्दी. पोखरलेलं रक्त भरून निघताना गाईच्या स्लाइडवर हेच दिसतं. ताप नाही, दूध चढतंय, त्यामुळे टेट्रासायक्लिनचा विषयच निघाला नाही.

थायलेरिया? हजारात दोन.

काकींनी विचारलं, “गेले मा ते किडे?” म्हटलं, “एक गेलो. दुसरो हा, पण तो रवलो तरी चलात.” त्यांना ते फारसं रुचलं नाही. पैसे दिलेत आणि किडा आतच, असा चेहरा झाला. मग मी गावठी तांबडीकडे बोट दाखवलं, तिच्यातही तोच आहे म्हणालो. “तिच्यात कधीपासून?” बहुधा ती वासरू होती तेव्हापासून. तेव्हा काकी तांबडीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागल्या.

गोचिडाचं औषध गाईवर आणि गोठ्याच्या भेगांत मारायला सांगितलं, तीन आठवड्यांनी पुन्हा. मायक्रोप्लस अंगावर चढल्यापासून पोट भरून खाली पडेपर्यंत साधारण तेवढेच दिवस घेतो. गाय सध्या सात लिटरवर आहे. रजिस्टरात पहिल्या दिवसाची ओळ मी खोडली नाही. तिच्या पुढे लिहिलं आहे: ‘थायलेरिया वाहक. आजार बबेसिया बायजेमिना. पुढच्या विताच्या वेळी ताप आल्यास आधी लसीकाग्रंथी चाचपणे, मग स्लाइड.’ आणि समासात, माझ्या स्वतःसाठी: ‘मिथेनॉल नवी बाटली, दर पंधरवड्याला. विहिरीचं पाणी नको.’